उपग्रहीय स्थाननिर्देशनातील व्यत्यय

उपग्रहीय स्थाननिर्देशनातील व्यत्यय : ज्या उपग्रहसंकेतांवरून पृथ्वीवरील स्थान व वेळ निश्चित होते, ते संकेत दाबले जाणे किंवा त्यांच्या जागी बनावट संकेत ग्राहकयंत्राच्या गळी उतरविणे. पहिल्या प्रकारास जॅमिंग व दुसऱ्यास स्पूफिंग म्हणतात. मराठीत अनुक्रमे रोध व तोतया संकेत ही नावे अन्वर्थक ठरतील. सुमारे २०,२०० किमी. उंचीवरून निघालेला जीपीएसचा संकेत भूमीवर पोहोचेतो इतका क्षीण होतो, की १,५७५.४२ मेगाहर्ट्झ या त्याच्याच कंप्रतेवर चालणारे जवळचा अल्पशक्तीचा प्रेषकही त्यास झाकून टाकतो.

ओळख : रोधामुळे सर्व उपग्रहांचे संकेत एकाच वेळी मंदावतात, ऊस-केळीच्या दाट पानांनी किंवा इमारतीने मात्र त्या त्या दिशेचेच उपग्रह झाकले जातात. तोतया संकेतात वेळ वा स्थान अकस्मात उडी घेते. सूर्यास्तानंतर आयनांबरात होणाऱ्या क्षोभानेही संकेत डळमळतात, पण तो क्षोभ नैसर्गिक होय.

भूमापनातील महत्त्व : भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात ओसरल्यावर करमाळा, इंदापूर आदी तालुक्यांतील काठच्या गावांत ज्या गाळपेर जमिनी उघड्या पडतात, तेथे बांध व हद्दीचे दगड गाळाखाली गेलेले असल्याने, शंकुसाखळी आणि प्लेन टेबल यांच्या मोजणीस लागणारा आधारच हरपतो. म्हणून अशा जमिनींच्या बाबतीत उपग्रहाधिष्ठित रोव्हरचे (फिरत्या ग्राहकयंत्राचे) मोल विशेष आहे. भूमी अभिलेख खात्याच्या या मोजणीस राज्यात उभारलेल्या ७७ स्थिर संदर्भकेंद्रांकडून दुरुस्ती मिळते. केंद्राचे स्थान ज्ञात असल्याने तेथील विचलन व्यत्ययाची साक्ष देते. परंतु लहान रोधयंत्राचा प्रभाव दूरच्या केंद्रापर्यंत पोहोचत नाही, आणि केंद्राचे दप्तर निर्दोष असतानाही शेतातील मोजणी सदोष होऊ शकते. या मर्यादेकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पाण्यावरून परावर्तित झालेले संकेतही चूक घडवितात. काठावर मोजताना क्षितिजालगतचे उपग्रह वगळणे इष्ट.

यंत्रणा व कायदा : कंप्रतांवरील देखरेख दूरसंचार विभागाच्या बिनतारी संनियंत्रण संघटनेकडे आहे. जालना येथील तिचे केंद्र उपग्रहांच्या प्रक्षेपणांवर लक्ष ठेवते; व्यत्ययाचा भूमीवरील उगम मात्र दिशाशोधक ॲन्टेना व फिरत्या वाहनांनीच हुडकावा लागतो. परवान्याविना बिनतारी यंत्र बाळगण्यास १९३३ च्या अधिनियमाने मनाई केली.

विमानवाहतूक : नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर व जम्मू परिसरात, अशा व्यत्ययाच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे लोकसभेत सांगण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये, दिल्लीतील अशाच घटनांनंतर, अशी घटना १० मिनिटांत कळविण्याचा दंडक नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने घातला.

सागरी उपयोग : जहाजांवर उपग्रहाने दाखविलेल्या स्थानाचा तारे, रडार व किनाऱ्यावरील खुणांनी पडताळा घेतात.

प्रतिबंध : अनेक कंप्रतांचा एकत्रित वापर हा प्रमुख उपाय होय; उदा., भारताची नाविक ही उपग्रहीय प्रणाली १,१७६.४५ व २,४९२.०२८ मेगाहर्ट्झवर संकेत देते. भूकरमापकाने मात्र मोजणीच्या प्रारंभी व अखेरीस गावातील एखाद्या जुन्या, शाबूत सर्वेक्षण-दगडावर रोव्हर पडताळावा आणि दोन्ही वाचने टिपणात नोंदवावीत.