डॉ. पोन्सेटी आणि मुलांचीं वांकडीं पावलें

अस्थिशल्यशास्त्राला इंग्रजींत 'ऑर्थोपेडिक्स' म्हणतात. हा शब्द निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्यानें १७४१ सालीं बनविला. 'सरळ' आणि 'बालक' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. पुढें या शास्त्रानें थोरांचीं मोडलेलीं हाडें, म्हाताऱ्यांचे झिजलेले सांधे, खेळाडूंचे दुखावलेले गुडघे, असा केवढा तरी संसार पदरांत घेतला. परंतु मूळ पाहूं गेल्यास तें मुलांचीं वांकडीं अंगें सरळ करण्याचेंच शास्त्र होय. या मूळच्या कामांत विसाव्या शतकांत ज्यांनीं मोठी भर घातली, ते डॉ. इग्नासियो पोन्सेटी हे देशोधडीस लागलेले एक निर्वासित होते.

त्यांचा जन्म ३ जून १९१४ रोजीं स्पेनच्या ताब्यांतील मिनोर्का बेटावर झाला. वडील घड्याळजी. लहानपणीं मुलगा वडिलांजवळ बसून घड्याळें दुरुस्त करण्यास हातभार लावीत असे. चिमट्यानें इवलेंसें चाक उचलावें, तें जागीं बसेपर्यंत दम धरावा, अंमळ जोर झाला कीं दांता मोडलाच, हें ज्यानें लहानपणींच पाहिलें, त्याच्या बोटांना तान्ह्या मुलाचें पाऊल कसें धरावें हें वेगळें शिकवावें लागलें नसेल. चरित्रकार अशा गोष्टींना नेहमींच अवास्तव महत्त्व देतात. येथें मात्र तें दिल्यावांचून गत्यंतर नाहीं.

वैद्यकाचें शिक्षण बार्सिलोनास झालें. १९३६ च्या जुलैंत तें संपतें न संपतें तोंच स्पेनमध्यें यादवी युद्ध पेटलें. पोन्सेटी प्रजासत्ताक पक्षाच्या सैन्यांत वैद्यकीय अधिकारी झाले व मोडलेल्या हातापायांच्या विभागांत त्यांची नेमणूक झाली. त्या वेळीं बार्सिलोनांत जोसेप त्रुएता हे शल्यवैद्य युद्धांतील जखमा नीट साफ करून त्यांवर प्लॅस्टर चढवीत व त्या तशाच बंद ठेवीत. त्यामुळें अनेक सैनिकांचे हातपाय वांचले. प्लॅस्टर हें नुसतें आच्छादन नव्हे, तें स्वतःच एक औषध आहे, ही दृष्टि त्या पिढीच्या डॉक्टरांना रणांगणावर मिळाली.

१९३९ च्या जानेवारींत बार्सिलोना पडलें. पोन्सेटींच्या हवालीं चाळीसएक जखमी होते आणि रुग्णवाहिका एकही नव्हती. पिरेनीज पर्वतांतून चोरटा माल वाहून नेणारे लोक त्यांनीं गांठले आणि त्यांच्या खेंचरांवरून ते सर्व जखमी फ्रान्सच्या हद्दींत पोंचविले. मागें फिरण्याचा मार्ग आतां बंद झाला. मेक्सिकोनें स्पॅनिश निर्वासितांना आसरा दिला होता. तेथील हुचितेपेक नांवाच्या गांवीं त्यांनीं दोन वर्षें साधी डॉक्टरकी केली. मग हुआन फारिल या मेक्सिकन अस्थिवैद्याच्या खटपटीनें १९४१ सालीं ते अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत आर्थर श्टाइंड्लर यांच्या हाताखालीं शिकावयास गेले.

डॉक्टरनें गांव बदलला म्हणजे त्याचें काय जातें? दुकानदार आपला माल गाडींत घालून नेतो. डॉक्टरचा माल म्हणजे त्याच्यावरील लोकांचा विश्वास, आणि तो मागेंच राहतो. पोन्सेटींना तर सत्ताविसाव्या वर्षीं परक्या भाषेंत पुन्हां उमेदवारी करावी लागली. परंतु आयोवांत त्यांच्या हातीं एक अनपेक्षित ठेवा आला. १९१५ च्या एका कायद्यान्वयें त्या राज्यांतील गरीब मुलांवर विद्यापीठाच्या इस्पितळांत सरकारी खर्चानें उपचार होत. त्यामुळें वर्षानुवर्षांचीं टिपणें एके ठिकाणीं सांठलीं होतीं. श्टाइंड्लर स्वतः व्हिएन्नांत शिकून आलेले. त्यांनीं या नव्या उमेदवाराला काम सांगितलें तें हें, कीं येथें ज्या मुलांच्या वांकड्या पावलांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांचें पुढें काय झालें तें शोधून काढा.

हा दोष हजारांत सुमारें एका मुलास जन्मतः असतो. पाऊल आंत वळलेलें, तळवा दुसऱ्या पायाकडे, टांच वर ओढलेली. उपचार न झाल्यास मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर, कधीं तर पावलाच्या पाठीवर चालूं लागतें. असें पाऊल हातानें हलकेच वळवून बांधून ठेवावें, असें हिपॉक्रेटीसच्या ग्रंथांतही सांगितलें आहे. एकोणिसाव्या शतकांत हॅनोव्हरचे श्ट्रोमायर यांनीं टांचेमागील घोडशीर कातडीखालून छेदण्याची युक्ति काढली. विल्यम लिटल या इंग्रज वैद्यानें १८३६ सालीं स्वतःचा वांकडा पाय त्यांच्याकडून सरळ करून घेतला आणि मग लंडनमध्यें या कामाचें इस्पितळ स्थापिलें. भूल आणि जंतुनाशन साधल्यावर शल्यवैद्यांचें धैर्य वाढलें व पाऊल उघडून आंतील बंधनें कापण्याचा प्रघात पडला.

पोन्सेटींना काय आढळलें? शस्त्रक्रियेनंतर जीं पावलें पाहण्यास बरीं दिसलीं होतीं, तीं वयांत आल्यावर ताठर, दुबळीं आणि दुखरीं झालीं होतीं. जेथें कापावें तेथें व्रण, आणि व्रण म्हणजे न ताणणारी दोरी. उलट, तान्ह्या मुलाचीं हीं बंधनें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां त्यांचे तंतु नागमोडी दिसतात. हळूहळू ताणलीं तर तीं लांबतात. मग सुरी कशाला?

१९४८ च्या सुमारास त्यांनीं आपली पद्धति बसविली. पूर्वीचे वैद्य पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यावर दाब देत. त्यानें टांचेचें हाड उलट अडकून बसे. पोन्सेटींनीं अंगठा टेकविला तो थेट घोट्याच्या हाडाच्या डोक्यावर, आणि तो खुंटा धरून त्याभोंवतीं सबंध पाऊल बाहेर फिरविलें. मिनिटभर हलकेच ताणावयाचें, बोटांपासून मांडीपर्यंत प्लॅस्टर घालावयाचें, आठवड्यानें तें काढून पुन्हां तेंच. पांच-सहा प्लॅस्टरांत पाऊल वळतें. टांच वरच राहिली तर घोडशीर तेवढी छेदावयाची. तीन आठवडे शेवटचें प्लॅस्टर, तोंवर ती आपोआप जुळून येते. नंतर एका दांडीवर बसविलेले बूट, पहिले तीन महिने जवळजवळ अहोरात्र आणि पुढें चवथ्या वर्षापर्यंत निजतांना.

६७ मुलांच्या ९४ पावलांची हकीकत १९६३ सालीं छापून आली. उत्तर मौनाचें मिळालें. १९७१ सालीं तर टर्को यांची मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध होऊन सर्वत्र मान्यता पावली. शल्यवैद्याची कीर्ति शस्त्रावर असते. आठवड्याला एकदां चुना भिजविण्यांत ती कोठून यावी? पद्धतीचा दोष एवढाच, कीं ती फार साधी दिसे आणि घाईनें केली तर साधत नसे. ज्यांनीं अर्धवट केली त्यांनीं ती निरुपयोगी ठरविली. या विलंबाची किंमत मुलांनीं दिली हें विसरतां येत नाहीं.

१९८४ सालीं पोन्सेटी निवृत्त झाले, पण पुढें तेच काम करण्यास परत आले. १९९५ सालीं त्यांच्या जुन्या रुग्णांची तीस वर्षांनंतरची तपासणी प्रसिद्ध झाली. शंभरांत ७८ जणांचीं पावलें उत्तम किंवा चांगलीं ठरलीं. जन्मतः निर्दोष पाय असलेल्यांत हें प्रमाण ८५ होतें. १९९६ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला. तरीही पद्धति पसरली ती प्रामुख्यानें मुलांच्या आईबापांनीं एकमेकांस कळविल्यानें. आपल्या लेकराच्या पावलावर सुरी चालूं नये म्हणून लोक दूरदूरून आयोवास येऊं लागले, आणि मग विद्वानांचेही डोळे उघडले. १८ ऑक्टोबर २००९ रोजीं, पंचाण्णवाव्या वर्षीं, पोन्सेटी आयोवा सिटी येथेंच वारले. तोंपर्यंत युगांडासारख्या देशांत, जेथें शल्यवैद्य थोडे, तेथें शिकविलेले साहाय्यकही हीं प्लॅस्टरें घालूं लागले होते.

भारतांत ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, तो महाराष्ट्रांतील पालघर येथें. मुलांमध्यें शोधून काढावयाच्या जन्मजात दोषांत वांकड्या पावलांची गणना त्यांत केलेली आहे. प्लॅस्टर घालणारे हात आतां अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणीं मिळतात. अडचण असते ती त्यानंतर. मूल रात्रीं बुटांत रडतें, आजीला नातवाचे बांधलेले पाय पाहवत नाहींत, आणि पाऊल तर दिसावयास अगदीं सरळ झालेलें असतें. बूट माळ्यावर जातात. वर्षा-दोन वर्षांत तेंच पाऊल पुन्हां आंत वळूं लागतें, आणि आई मुलाला कडेवर घेऊन पुन्हां इस्पितळाच्या रांगेंत येऊन उभी राहते.