कोडे-साहसी व्हिडिओ गेम आणि बालयोग्यतेचे निकष

व्हिडिओ गेम मुलांस योग्य की अयोग्य, हे ठरविण्याची अमेरिकेतील प्रचलित पद्धत रक्तपाताच्या वादातून जन्मास आली. ९ डिसेंबर १९९३ रोजी सिनेटर जोसेफ लीबरमन व हर्ब कोल यांच्या पुढाकाराने झालेल्या सुनावणीत 'मॉर्टल कोम्बॅट' व 'नाइट ट्रॅप' हे गेम केंद्रस्थानी होते. कायद्याची धास्ती घेऊन या उद्योगाने १९९४ मध्ये ईएसआरबी हे श्रेणीमंडळ स्वतःच स्थापन केले. माल ज्याचा, तराजूही त्याचाच, हा आक्षेप म्हणूनच निराधार म्हणता येत नाही.

१९९३ सालीच मिलर बंधूंचा 'मिस्ट' आला होता. निर्जन बेट, ग्रंथालय, यंत्रे आणि कोडी. लढाई नाही, घाई नाही. तथापि कथेतील एका भावाच्या दालनांत छळाची साधने आढळतात व त्यांचा अर्थ खेळाडूलाच लावावा लागतो. रक्त मोजणाऱ्या निकषांच्या हाती ही भीती सहसा लागत नाही. शिवाय, ग्रंथालयातील दीर्घ नोंदी वाचल्याविना पुढे जाणे कठीण. लहान मुलाची खरी अडचण येथेच होते. अवघडपणा मात्र ईएसआरबीच्या श्रेणीत मोजलाच जात नाही.

२०१० मधील 'लिंबो' या डॅनिश गेमने हा पेच तीव्र केला. त्यात कृष्णधवल अरण्यातील एक मुलगा सापळ्यांत पुनःपुन्हा मरतो आणि त्या मरणातूनच कोड्याचे उत्तर उमगते. संवाद एकही नाही.

ईएसआरबीची 'मुलांपासून प्रौढांपर्यंत' ही श्रेणी १९९८ मध्ये 'सर्वांसाठी' झाली. नावातून 'मुले' हा शब्द तेव्हाच गळाला.