गर्भस्राव-आहारोपचारांची चाचणी

गर्भारपणाच्या सुरुवातीस रक्तस्राव होऊन गर्भ पडण्याची भीती निर्माण झाल्यास द्यावयाचा पारंपरिक आहार खरोखर गुणकारी आहे का, याची शास्त्रीय तपासणी. चरकसंहितेच्या शारीरस्थानात (अध्याय ८) अशा स्त्रीस खाण्यासाठी शिंगाडा व कमळबीज सांगितले आहे, शिवाय तांबड्या साळीचा भात दुधाशी. मात्र हा उपचार चौथ्या महिन्यापासून पुढचा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रक्त दिसल्यास गर्भ टिकणार नाही, असे ग्रंथ स्पष्ट म्हणतो. घरोघरी शिंगाड्याच्या पिठाची लापशी पहिल्याच महिन्यांत देताना ही मर्यादा सहसा विसरली जाते.

चाचणीतली खरी अडचण अशी, की रक्तस्राव होऊनही बहुतेक गर्भ आपोआप टिकतात. तेव्हा लापशी घेतलेल्या किती जणींचे बाळंतपण सुखरूप झाले, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. उलट लवकर झालेल्या सुमारे निम्म्या गर्भपातांत गुणसूत्रांचा दोष असतो. तेथे आहार काय करणार? म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवाटणी आणि तुलनेचा गट अनिवार्य ठरतो. ब्रिटनमधील ‘प्रिझम’ चाचणीत (२०१९) गर्भारपणाच्या सुरुवातीस रक्तस्राव झालेल्या ४,१५३ स्त्रिया होत्या. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घेतलेल्यांत ७५ टक्के, तर निष्क्रिय औषध घेतलेल्यांत ७२ टक्के जिवंत जन्म झाले. इतका बारीक फरक लहान पाहणीत दिसणे अशक्य. गर्भ पडल्यावर ‘पथ्य पाळले नाही’ हा बोल स्त्रीला लावणे तर सर्वस्वी अन्यायाचे आहे.