एका ग्रंथाच्या अनेक प्रती

जो ग्रंथ एकाच प्रतीत आणि एकाच ठिकाणी असतो, त्याचा अंत करावयास एक आग, एक पूर किंवा थोडी वाळवी पुरेशी होते. म्हणून मोलाचा मजकूर अनेक ठिकाणी प्रती करून ठेवण्याची रीत फार जुनी आहे. आजच्या संगणकशास्त्रात तिलाच ‘रेप्लिकेशन’ असे नाव आहे. तथापि प्रती वाढविणे आणि मजकूर शुद्ध राखणे या दोन निराळ्या गोष्टी होत. बडोद्याच्या, म्हणजे आजच्या वडोदऱ्याच्या, विद्वानांनी हा भेद मोठ्या परिश्रमाने उलगडून दाखविला.

तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत तेथे हस्तलिखितांचा मोठा संग्रह उभा राहिला. अनंतकृष्णशास्त्री यांनी पोथ्या मिळविण्यासाठी प्रवास केला, तर चिमणलाल डाह्याभाई दलाल यांनी संस्थानातीलच पाटण गावची जैन ग्रंथभांडारे तपासली. ग्रंथाची प्रत लिहवून भांडारास अर्पण करणे जैन समाजात पुण्यकर्म मानीत. त्यामुळे अन्यत्र दुर्मिळ झालेले ग्रंथ तेथे तगले होते. १९१६ साली ‘गायकवाड्स ओरिएंटल सीरिज’ ही ग्रंथमाला निघाली. तिचे पहिले पुष्प होते राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या या ग्रंथाची योजना अठरा अधिकरणांची. परंतु त्यांतील पहिलेच काय ते उपलब्ध आहे. बाकीची सतरा लिहून झाली असतीलच, तर त्यांची एकही प्रत हाती आलेली नाही.

प्रत नसली की ग्रंथ जातो, हे यावरून कळते. पण प्रत असली म्हणजे सारे साधले, असेही नाही. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी पुष्कळदा सांगून ठेवीत की, समोर जसे दिसले तसे उतरविले आहे. शुद्ध असो वा अशुद्ध, दोष आम्हांस देऊ नये. एखाद्याची एक ओळ गळली किंवा समासातील टीप मजकुरात शिरली, की त्या पोथीवरून उतरलेल्या प्रत्येक पोथीत ती चूक जाई. अशा दहा पोथ्या जमविल्या तरी साक्षीदार एकच!

१९२७ साली स्थापन झालेले बडोद्याचे प्राच्यविद्या मंदिर १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात आले. तेथे वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. गोविंदलाल हरगोविंद भट्ट यांनी संपादिलेले बालकांड १९६० साली, तर उमाकांत प्रेमानंद शहा यांनी संपादिलेले उत्तरकांड १९७५ साली प्रसिद्ध झाले. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतील पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या. कोणती पोथी कोणत्या घराण्यातील, हे आधी ठरवावे लागे. दूरच्या दोन घराण्यांचे एकमत झाले, तर त्याचे वजन अधिक. जे श्लोक गाळले, तेही टाकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत नोंदले.

आता संगणकाकडे वळू. ‘क्लाउड’ म्हणजे दूरच्या इमारतींत भाड्याने घेतलेले संगणक. एखाद्या पेढीच्या हिशेबाची मुख्य वही मुंबईत असेल, तर तिची जुळी वही हैदराबादेत ठेवता येते. मुख्य वहीतील प्रत्येक फेरफार क्रमाने टिपला जातो व तीच टिपणे दुसरीकडे धाडून तेथे उतरविली जातात. दुसरीकडून पोच येईपर्यंत थांबावे, तर कामास विलंब लागतो. न थांबावे, तर जुळी वही किंचित मागे राहते आणि ऐन वेळी मुख्य यंत्र बंद पडल्यास शेवटच्या नोंदी गमावण्याचा संभव असतो.

परंतु मोठा धोका निराळाच आहे. चुकून नोंदी पुसल्या गेल्या, तर ते पुसणेही काही क्षणांत दुसऱ्या वहीत पोहोचते. काश्मीरची पोथी केरळातील लेखनिकाची चूक सहसा उचलीत नसे. अंतर आणि काळ तिचे रक्षण करीत. संगणकाच्या जुळ्या प्रतींत ते अंतर उरत नाही. म्हणून ठरावीक तारखांच्या स्वतंत्र प्रती अलग ठेवणे आणि त्यांवरून मजकूर पुन्हा उभा करता येतो की नाही, हे वेळोवेळी पडताळून पाहणे आवश्यक असते. हे काम कंटाळवाणे खरे. पण बडोद्याच्या संपादकांनी एका रामायणासाठी असेच काम वर्षानुवर्षे केले.