बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे : पाणी घोटाघोटाने, प्रथिनं मोजून

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी येतो. घरात त्याच्यासाठी पेज शिजवलेली असते, मोसंबीचा रस काढलेला असतो, कुणीतरी शहाळी आणून ठेवलेली असतात. आजारी माणसाला हलकं द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आणि तापातून उठलेल्याला ती चालूनही जाते. या शस्त्रक्रियेनंतर मात्र ती कमी पडते. पेज, साबुदाण्याची लापशी, शहाळं, फळांचा रस या सगळ्यांत प्रथिनं अगदी नावापुरती असतात. रुग्णाच्या पोटात दिवसभरात जी थोडीशी जागा असते, ती यांनीच भरून जाते.

पोटात काय बदललेलं असतं?

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी, साधारण १०० ते १५० मिली मावेल एवढी. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. ही पिशवी सुरुवातीला जेमतेम ३० मिलीची, म्हणजे दोन मोठे चमचे. त्यात पुन्हा आतली सूज असतेच.

दुसरी गोष्ट भुकेची. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तो भागच निघून जातो. त्यामुळे अनेकांना कित्येक आठवडे भूक लागत नाही, तहानही नीट कळत नाही. "इच्छाच नव्हती, म्हणून घेतलं नाही" असं रुग्ण सांगतात ते खरंच असतं. पण या काळात इच्छेवर विसंबून चालत नाही, घड्याळ बघूनच घ्यावं लागतं.

आधी पाणी

पहिल्या आठवड्यात प्रथिनांचं पूर्ण उद्दिष्ट बहुतेकांना गाठता येत नाही. चार-सहा दिवस प्रथिनं कमी पडली तर शरीर निभावून नेतं, पाण्याच्या बाबतीत मात्र ते जमत नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना पुन्हा दवाखान्याची पायरी चढावी लागते, त्यामागे शरीरातलं पाणी कमी होणं हे एक नेहमीचं कारण आहे. यात एक दुष्टचक्रही असतं. पाणी कमी पडलं की मळमळतं, मळमळतं म्हणून पाणी नको वाटतं, आणि मग आणखी मळमळतं.

उद्दिष्ट दिवसाला किमान दीड लिटरचं. एका दमात पेलाभर पाणी पिण्याचे दिवस तूर्त संपलेले असतात. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारा ३० मिलीचा प्लास्टिकचा कप इथे कामाला येतो. दर पंधरा मिनिटांनी असा एक कप, तोही दोन-तीन घोटांत प्यायला, तर तासाला १२० मिली होतात. जागेपणाच्या १४ तासांत १६८० मिली. हिशेब असा मांडला की दीड लिटर डोंगराएवढं वाटत नाही. सकाळी दीड लिटरची बाटली भरून समोर ठेवावी आणि दिवसभरात ती उतरते का हे घरातल्या एकाने बघावं.

साधं पाणी जड वाटत असेल तर कोमट पाणी, बिनसाखरेचं लिंबूपाणी, पातळ ताक, साखर न घातलेलं कोकमाचं पाणी चालतं. ओआरएस घ्यायचं झाल्यास पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला असल्याची खात्री करावी. तयार मिळणाऱ्या गोड पेयांना ओआरएस समजू नये. सोडा आणि कोल्ड्रिंक तर नकोच, कारण गॅसने ते इवलंसं जठर फुगतं. स्ट्रॉने प्यायल्यावर हवा पोटात जाते, म्हणून अनेक डॉक्टर तीही टाळायला सांगतात.

दुधाळ पदार्थ आणि सूपही द्रवाच्या हिशेबात धरतात. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत, सगळा आहारच पातळ असताना, एकाच घोटात पाणी आणि प्रथिनं दोन्ही साधता येतात.

प्रथिनं कशासाठी, किती?

खाणं एकदम कमी झालं की शरीर साठवलेली चरबी जाळतं, पण त्याबरोबर स्नायूही मोडून वापरतं. प्रथिनं पुरेशी गेली तर ही मोड कमी होते, आतले टाके भरून यायला मदत होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अनेकांचे केस गळू लागतात. ते मुख्यतः झपाट्याने घटलेल्या वजनामुळे आणि बहुधा तात्पुरतं असतं. पण प्रथिनं, लोह, झिंक कमी असेल तर गळणं वाढतं. साधारण नियम दिवसाला ६० ते ८० ग्रॅमचा आहे. प्रत्येकाचा नेमका आकडा त्याच्या आहारतज्ज्ञाकडून घ्यावा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवूच नयेत.

आता ६० ग्रॅम म्हणजे किती? घरोघरी गफलत होते ती इथे. वरणाचं वरवरचं पाणी पौष्टिक समजून देतात, पण वाटीभर पाण्यात एक-दोन ग्रॅमच येतात. डाळ तळाशीच राहिलेली असते. तीच डाळ नीट शिजवून, घोटून, गाळून दिली तर १०० मिलीत तीन-चार ग्रॅम मिळतात. दह्यातही १०० ग्रॅममागे तीन-चार ग्रॅमच. ताकात पाणी जास्त, म्हणून ते पाण्याच्या खात्यात धरावं. नाचणीची आंबील चांगली खरी, पण वाटीभर आंबिलीत पीठ किती असतं? एक-दीड ग्रॅमपलीकडे प्रथिनं जात नाहीत.

मग रस्ता कोणता? दूध घट्ट करणं हा सोपा मार्ग. १५० मिली साय काढलेल्या दुधात दोन मोठे चमचे साय नसलेली दूध पावडर घुसळली की सुमारे १० ग्रॅम होतात. असं दिवसातून तीनदा घेतलं तर ३०. व्हे प्रोटीनच्या एका स्कूपमध्ये २० ते २५ ग्रॅम असतात, तो दोन वेळांत विभागून घ्यावा. त्यात १०० ग्रॅम घुसळलेलं दही आणि १०० मिली घोटलेली डाळ मिळवली की दिवस साठीच्या आसपास पोचतो. यातलं दूध, व्हेचं पाणी आणि डाळ मिळून ७०० मिलीच्या वर द्रवही झालेला असतो, म्हणजे निम्मं पाणी त्यातच निघालं.

व्हे पावडर उकळत्या दुधात घालू नये, गुठळ्या होतात. कोमट किंवा गार पातळ पदार्थात मिसळावी. विकत घेताना डब्यामागे एका स्कूपमध्ये प्रथिनं किती आणि साखर किती हे वाचावं. नाव प्रोटीनचं आणि आत साखरच जास्त, असे डबेही दुकानात असतात. बायपासनंतर काहींना दूध पचेनासं होतं, पोट फुगतं, जुलाब होतात. त्यांना व्हे आयसोलेट किंवा सोयाची पावडर सोसते.

पातळ आहारातून घोटलेल्या आणि मग मऊ आहाराकडे कधी जायचं, याचं वेळापत्रक प्रत्येक सर्जनचं थोडं वेगळं असतं. बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांनंतर घोटलेलं, चौथ्या आठवड्याच्या सुमारास मऊ. तेव्हा अंडं (एका अंड्यात सहा ग्रॅम), कुस्करलेलं पनीर, उकडलेला काटे काढलेला मासा, मुगाचं घट्ट वरण येतं. ताटात आधी प्रथिनं, भात-भाकरी शेवटी आणि जागा उरली तरच. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही.

गोड, उपवास आणि आग्रह

बायपासनंतर साखर एकदम आतड्यात उतरते. धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब असा त्रास होतो, त्याला डम्पिंग म्हणतात. बेळगावात कुंद्याबद्दल "दुधाचाच तर आहे" असं म्हणणारं कुणीतरी घरात निघतंच, पण त्या दुधाबरोबर साखर किती आटलेली असते हे बनवणाऱ्याला विचारावं. पहिल्या काही महिन्यांत उपवास नकोत, निर्जळी तर मुळीच नको. "अजून दोन घास" हा आग्रह इथे उलटीवर संपतो.

गोळ्यांकडेही लक्ष हवं. मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन आणि रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी जुन्याच मात्रेत चालू राहिली तर साखर किंवा रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. नवी मात्रा घरी जाण्याआधीच लिहून घ्यावी.

दवाखाना कधी गाठायचा?

लघवी गडद पिवळी आणि कमी होणं, तोंड कोरडं पडणं, उभं राहताना चक्कर येणं ही पाणी कमी झाल्याची लक्षणं. अर्धा दिवस प्रयत्न करूनही घोट टिकत नसेल तर थांबू नये. नाडी १२० च्या वर, ताप, वाढती पोटदुखी, खांद्यात दुखणं किंवा दम लागणं असेल तर लगेच निघावं. टाक्यातून गळती होत असण्याची किंवा रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते.

उलट्या बरेच दिवस चालल्या तर बी१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपतं. त्याचा साठा शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. चालताना तोल जाणं, एकाची दोन दिसणं, गोंधळल्यासारखं वागणं ही त्याची खूण, आणि उशीर झाला तर मेंदूची कायमची हानी होते. अशा रुग्णाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज सलाईन लावलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते.

सीमाभागात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा ठरतो. शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत होते आणि रात्री त्रास सुरू झाला की गाठावा लागतो निपाणीचा, खानापूरचा किंवा म्हापशाचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरांना कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या तारखेला, उलट्या किती दिवसांपासून, हे पहिल्या वाक्यात सांगावं, थायमिनबद्दल स्वतःहून विचारावं आणि सर्जनचा फोन लावून द्यावा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये असावा. परतीच्या सहा-सात तासांच्या प्रवासात वाटेत शौचालय सापडणार नाही या भीतीने अनेक जण, विशेषतः बायका, पाणीच पीत नाहीत. तसं करू नये. दर तासा-दीड तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चालावं आणि पंधरा मिनिटांचा घोट प्रवासातही चालू ठेवावा.