'अचानक' या शब्दाची गोष्ट

बाईने नवऱ्यावर हात उचलला की गाव म्हणतं, "बाईमाणूस असून असं केलंच कसं?" आज आम्ही त्या 'कसं'बद्दल बोलणार आहोत.

किरणजीत अहलुवालिया पंजाबची. लग्न होऊन इंग्लंडला गेली. दहा वर्षं मार खाल्ला. दोनदा कोर्टातून मनाई हुकूम आणला, तरी मार थांबला नाही. १९८९ च्या मे महिन्यात एका रात्री नवऱ्याने पैशांसाठी धमकावलं, गरम इस्त्रीचा धाक दाखवला आणि झोपायला गेला. तिला झोप लागली नाही. मध्यरात्रीनंतर तिने त्याच्या खोलीत पेट्रोल टाकून पेटवलं. काही दिवसांनी तो वारला. दोन मुलांच्या आईला जन्मठेप झाली.

तिथला कायदा म्हणत होता, चिथावणीने 'अचानक' तोल गेला असेल तर तो खून नव्हे. ही व्याख्या १९४९ च्या खटल्यातली. तो खटलाही मार खाणाऱ्या बाईचाच, आणि तिनेही नवरा झोपेपर्यंत वाट पाहिली होती. इथेच तर गोम आहे. ज्याच्या अंगात ताकद, त्याचा राग तिथल्या तिथे निघतो. समोरून हात उगारला तर आपलंच डोकं फुटेल हे जिला ठाऊक असतं, ती थांबते. कोर्टाला ते थांबणं म्हणजे कट वाटलं. किरणजीतने पेट्रोल आधीच आणून ठेवलं होतं, हेही सांगायलाच हवं.

साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या लंडनच्या संघटनेतल्या बायका तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १९९२ साली शिक्षा रद्द झाली, पण 'अचानक'च्या मुद्द्यावर नाही. ती खोल नैराश्यात होती, हा पुरावा आधी मांडलाच गेला नव्हता, म्हणून. पुढे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरला, भोगलेली कैद पुरेशी मानली गेली, ती सुटली. इंग्लंडच्या कायद्यातून 'अचानक'ची अट गेली ती थेट २०१० मध्ये.

जाळलं ते बरं केलं, असं आम्ही म्हणत नाही. एक माणूस होरपळून गेला. नवऱ्याला मारणारी प्रत्येक बाई आधी सोसलेलीच असते, असंही नाही. पण फक्त त्या रात्रीचं विचारलं, तर आधीची दहा वर्षं कोण मोजणार?

आपल्या १८६० च्या दंड संहितेत 'गंभीर आणि अचानक' प्रक्षोभाचीच अट होती. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ती आहे. तरी २०१३ साली गुवाहाटी उच्च न्यायालयाने आसामच्या एका बाईच्या खटल्यात वर्षानुवर्षांचा छळ विचारात घेतला आणि खुनाचा ठपका काढला. तिने नवऱ्याच्या हातातलं लाकूड हिसकावून त्याला मारलं होतं. त्याच लाकडाने तो तिला मारत होता.