दोन एपिसोडच्या मधे

ज्यांचं नेटवर्क बोगद्यात जातं, ज्यांचे इयरफोन नेमके प्रवासात बंद पडतात आणि ज्यांना मुळात ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे काढलेत. सगळे काढले नाहीत, नाहीतर मी बोलतेय असं वाटणारच नाही.

आजचा विषय एका मेसेजमुळे सुचला. एका श्रोत्याने लिहिलं होतं, “ताई, मला बायपोलर आहे. शेवटचा एपिसोड येऊन वर्ष झालं. आता मी एकदम नॉर्मल आहे. घरचे म्हणतात, बरा झालास ना, मग गोळ्या कशाला? बंद करू का?”

मी डॉक्टर नाही, त्यामुळे याचं उत्तर मी देणार नाही. ते मी त्याला तेव्हाच कळवलं. पण या प्रश्नाला इतिहास आहे. ‘एपिसोड’ हा शब्द आपल्याकडे पॉडकास्टचा आणि सिरियलचा. मानसोपचारात एपिसोड म्हणजे आजाराची एक लाट. एकतर मेनिया, म्हणजे झोप नको, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो, आपण जग जिंकू असं वाटतं. नाहीतर डिप्रेशन, म्हणजे अंथरुणातून उठणंसुद्धा डोंगर. पण या दोन लाटांच्या मधे जो काळ जातो, जेव्हा माणूस ऑफिसला जातो, भाजी आणतो, मॅच बघतो, त्या काळाचं काय? तेव्हा तो आजारी असतो की बरा?

यावर पॅरिसमध्ये 1854 साली चक्क भांडण झालं होतं.

झां-पिएर फालरे आणि ज्यूल बायार्जे हे दोन फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ. उन्माद आणि विषाद हे दोन वेगळे आजार नसून एकाच आजाराची दोन रूपं आहेत, असं दोघांचंही म्हणणं. हे आधी कोणी सांगितलं यावरून तिथल्या वैद्यक अकादमीत दोघांची जुंपली. श्रेयाचं भांडण आपल्याला काही नवीन नाही. पण त्यात एक खरा फरक होता. बायार्जे झटक्याच्या दोन टप्प्यांवर बोलत होता, मधल्या काळाला त्याच्या लेखी फार महत्त्व नव्हतं. फालरेने मात्र आपल्या ‘वर्तुळाकार वेडा’च्या व्याख्येत तीन गोष्टी धरल्या: उन्माद, विषाद आणि मधला शांत काळ. तो काळ कमी असो वा लांब, वर्तुळाचाच भाग. मला हा माणूस आवडतो. माणूस शांत दिसत असतानाही त्याची वही त्याने बंद केली नाही.

पण त्या मधल्या काळात करायचं काय, हे फालरेकडेही नव्हतं. वाट बघायची, एवढंच.

आता लिथियमकडे येऊ. हो, तुमच्या फोनच्या बॅटरीतलंच. आवर्तसारणीतलं तिसरं मूलद्रव्य. 1817 साली स्वीडनमध्ये एका खनिजात सापडलं म्हणून ग्रीक भाषेतल्या ‘दगड’ या शब्दावरून त्याचं नाव पडलं. एकोणिसाव्या शतकात गाउटवर, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या सांधेदुखीवर, ते औषध म्हणून दिलं जायचं. डेन्मार्कमधल्या कार्ल लांगे नावाच्या डॉक्टरला वाटलं की पुन्हा पुन्हा येणारं डिप्रेशनही युरिक अ‍ॅसिडमुळेच येतं. म्हणून 1880 च्या दशकात तो अशा पेशंटना लिथियम देत होता, तेही पुढचा झटका येऊ नये म्हणून. कारण चुकीचं, औषध बरोबर! पण युरिक अ‍ॅसिडची कल्पना मोडीत निघाली आणि तिच्याबरोबर लिथियमही विसरलं गेलं.

मग ते परत आलं ऑस्ट्रेलियात, आणि पुन्हा चुकीच्या कारणाने. जॉन केड हा मेलबर्नचा डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती लागला आणि तीन वर्षांहून जास्त काळ चांगीच्या युद्धकैदी छावणीत होता. परत आल्यावर तो बंडूरा इथल्या मनोरुग्णालयात रुजू झाला. त्याची कल्पना अशी की मेनिया म्हणजे शरीरात कुठलंतरी द्रव्य वाजवीपेक्षा जास्त होणं, आणि जास्त झालेलं लघवीतून बाहेर पडत असणार. तर साहेबांनी काय केलं, पेशंटची लघवी गिनीपिगना टोचायला सुरुवात केली. त्यातल्या युरिक अ‍ॅसिडचा परिणाम बघायचा होता, पण ते पाण्यात नीट विरघळेना. लिथियमचा युरेट क्षार मात्र विरघळतो, म्हणून तो वापरला. आणि गिनीपिग शांत झाले. नुसतं लिथियम कार्बोनेट दिलं तरी तेच. उताणं ठेवलं तरी धडपड न करता बघत राहायचे. (आज अनेकांना वाटतं की बिचाऱ्यांना लिथियमची विषबाधाच झाली असावी.)

केडने आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं, काही वाईट होत नाही ना म्हणून. मग मार्च 1948 मध्ये पहिल्या पेशंटला दिलं. वय 51, पाच वर्षं सलग मेनियात, वॉर्डातला सगळ्यात त्रासदायक माणूस म्हणून ओळखला जाणारा. वैद्यकीय लेखांत त्याची फक्त आद्याक्षरं आहेत, डब्ल्यू. बी. काही आठवड्यांत तो इतका सुधारला की जुलैत घरी गेला आणि जुन्या कामावर परत लागला. सप्टेंबर 1949 मध्ये केडचा लेख ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आला. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपते. शूर डॉक्टर, जादूचं औषध, टाळ्या.

पण डब्ल्यू. बी. घरी गेल्यावर त्याने गोळ्या बंद केल्या. बरा होता ना! मेनिया परत आला, तोही परत वॉर्डात आला. पुन्हा लिथियम सुरू झालं. आणि 1950 साली तो लिथियमच्याच विषबाधेने गेला.

मला हा माणूस सोडवत नाही. कमी झालं तर आजार, जास्त झालं तर विष, आणि मधली पट्टी किती अरुंद हे तेव्हा मोजायची सोयच नव्हती. त्याच सुमारास अमेरिकेत हार्टच्या पेशंटना मिठाऐवजी लिथियम क्लोराईड विकलं जात होतं. लोक ते जेवणावर हवं तेवढं घालायचे. त्यात काही मृत्यू झाले आणि 1949 मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. पुढे फ्लेम फोटोमीटरने रक्तातलं लिथियम मोजता येऊ लागलं, तेव्हा कुठे ते भरवशाने देता आलं. आज सांभाळण्याच्या काळात साधारण 0.6 ते 0.8 ही पातळी ठेवतात. 1.5 च्या वर गेली की धोका.

इथे एक आपल्याकडची गोष्ट सांगायलाच हवी. किडनी लिथियमला आणि मिठाला जवळपास एकाच मापाने वागवते. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की ती लिथियमही धरून ठेवते आणि रक्तातली पातळी चढते. म्हणजे अळणी उपवास, मे महिन्यातलं विदर्भातलं ऊन, दोन दिवसांचे जुलाब, किंवा अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन, यातलं काहीही पुरतं. माझ्या आजीने चातुर्मासात मीठ सोडलं होतं, मलाही आग्रह करायची. तिला हे कसं सांगितलं तो एक वेगळाच भाग होईल.

तर केडचं औषध मेनिया चढलेला असताना तो उतरवण्यासाठी होतं. उतरला की बंद. मधला काळ अजून कोणाच्याच डोक्यात नव्हता. डेन्मार्कमध्ये मोगेन्स स्को यांनी 1954 मध्ये लिथियमची बरीच काटेकोर चाचणी केली, तीसुद्धा मेनियावरच. आणि मग, 1950 च्या दशकाच्या शेवटी, माझी आवडती घटना घडली.

पॉल ख्रिश्चन बास्ट्रुप नावाचा दुसरा डॅनिश डॉक्टर घरी सोडलेल्या पेशंटची चौकशी करत होता. नंतर काही दुष्परिणाम तर नाहीत ना, एवढंच बघायचं होतं. गोळ्या ठरल्याप्रमाणे कधीच बंद झालेल्या असणार असा त्याचा समज. तर कळलं काय, की काही जणांनी डॉक्टरांचं न ऐकता लिथियम चालूच ठेवलंय! वर एक-दोघांनी तर हाच आजार असलेल्या नातेवाइकांनाही दिलंय. (हे तुम्ही करू नका हं, प्लीज.) का घेताय असं विचारल्यावर त्यांचं म्हणणं एकच: हे घेतलं की झटका परत येत नाही.

म्हणजे बघा, आपल्या घरांत डॉक्टर म्हणतात चालू ठेव आणि आपण बंद करतो. तिथे डॉक्टर म्हणत होते बंद कर आणि पेशंट चालू ठेवत होते. मधल्या काळासाठीही औषध असू शकतं हे आधी त्यांना कळलं, ज्यांना तो काळ जगायचा होता. बास्ट्रुपचं मोठेपण हे की तो रागावला नाही. त्याने मोजायला सुरुवात केली.

1967 मध्ये त्याने आणि स्को यांनी 88 स्त्री-पेशंटची आकडेवारी छापली. लिथियमआधी सरासरी दर आठ महिन्यांनी एपिसोड, लिथियमवर 60 महिन्यांनी एक. पुढच्याच वर्षी लंडनहून बॅरी ब्लॅकवेल आणि मायकल शेफर्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तोफ डागली. लेखाच्या शीर्षकातच विचारलं होतं, ही आणखी एक उपचाराची दंतकथा तर नाही? त्यांचा मुद्दा असा की तुलनेला दुसरा गट नाही आणि आजार स्वतःच कमी-जास्त होत असतो. शिवाय स्को हे संशोधक कमी आणि भक्त जास्त, असाही आरोप होता. स्को यांच्या धाकट्या भावाला तरुणपणापासून वारंवार डिप्रेशन यायचं आणि लिथियमवर ते थांबलं होतं. घरातलाच माणूस. मग भक्त म्हटलं तर चूक काय?

पण मला शेफर्ड खलनायक वाटत नाही. “मला गुण आला” यावर विश्वास ठेवायचा तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रत्येक काढ्यावर ठेवावा लागेल. पुरावा मागणं बरोबरच होतं. अडचण वेगळी होती. पुरावा हवा तर नीट चाललेल्या अर्ध्या लोकांचं औषध काढून त्यांना खोटी गोळी द्यावी लागणार. आपल्या भावाची गोळी बदलाल का? स्को बराच काळ अडले ते इथे.

शेवटी त्यांनी चाचणी अशी बांधली की जोड्या लावायच्या, हिशेब सतत करत राहायचा आणि उत्तर स्पष्ट झालं की त्या क्षणी थांबायचं. आधीपासून लिथियमवर असलेले 84 पेशंट. कोणाला काय मिळतंय हे त्यांना माहीत नाही. पाच महिन्यांत खोट्या गोळीवरच्या 39 पैकी 21 जणांचा आजार उलटला. लिथियमवरच्या 45 पैकी एकाचाही नाही. हे 1970 मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्याच वर्षी अमेरिकेने लिथियमला मेनियासाठी मान्यता दिली. मधल्या काळासाठीची मान्यता 1974 ची. मूलद्रव्याचं पेटंट कोणाला घेता येत नाही, त्यामुळे एवढा वेळ मागे लागायला कोणी कंपनीही नव्हती.

त्या 21 जणांचा मी नेहमी विचार करते. कारण मी त्यांच्यातली आहे, फक्त माझी गोळी कोणी बदलली नव्हती. मीच बंद केली होती. चौदा महिने छान गेले होते, लग्नाचं बघत होते, हात किंचित थरथरायचा आणि पाहुण्यांसमोर कपबशी वाजायची. एका रात्रीत सोडली. अशी एकदम सोडली की उलटण्याचा धोका आणखी वाढतो, हे मला नंतर कळलं. पहिले तीन आठवडे आयुष्यातले सर्वांत सुंदर. चार तास झोप, तीन ऑनलाइन कोर्स, एक स्कूटर हप्त्यावर. सातव्या आठवड्यात बाबा मला दवाखान्यात घेऊन गेले. स्कूटरचे हप्ते त्यांनी फेडले. आम्ही त्यावर अजून कधी बोललेलो नाही.

लिथियम सगळ्यांना लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. किडनी आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं, कोणाला दुसरं औषध जास्त मानवतं. आणि नुसती गोळी पुरत नाही. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी तर उठणं, झोपणं, जेवणं, माणसांना भेटणं यांच्या वेळा सांभाळण्यावर एक अख्खी थेरपी उभी केली. मी त्यातलं एकच पाळते, झोपायची वेळ. गणपतीत आरास करायला सगळे रात्रभर जागतात, मी साडेदहाला “झोपते” म्हणून उठते. आधी चेष्टा व्हायची. आता भाऊच आठवण करतो, “तायडे, तुझी वेळ झाली.”

मेसेज करणाऱ्या त्या मुलाने नंतर कळवलं की तो घरच्यांना घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहे, आणि हा भाग त्यांनाही ऐकवणार आहे. म्हणून डब्ल्यू. बी. चा किस्सा मी जरा हळू सांगितला. तातडीने कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416, मराठीतही बोलतात.

उद्या सकाळी नऊला मला लिथियम लेव्हलसाठी रक्त द्यायचंय. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यावं लागतं, म्हणजे आज रात्री नऊला गोळी. आता पावणेनऊ झालेत, म्हणून इथेच थांबते. शेफर्ड आणि स्को यांच्या भांडणाचा काही भाग राहिलाय, तो पुढच्या वेळी.